रोग ज्याच्या अंगात, निर्णय त्याच्या हातात

या पानावर मी एरवी बोंडअळी, बीजप्रक्रिया आणि माती परीक्षणावर लिहितो. आजचा विषय शेतीचा नाही, पण शेतकऱ्याच्या घरातला आहे आणि माझ्याच घरात घडलेला आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कारंजा (घाडगे) तालुक्यात आमचे गाव. माघ महिना होता, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. माझे मोठे बाबा धुऱ्यावर लघवीला गेले, तर लघवी गेरूच्या पाण्यासारखी लाल झाली. दुखणे नाही, आग नाही, ताप नाही. घरी येऊन म्हणाले, "उन्हाळी लागली असन. धण्याचं पाणी पेतो, बरं होते." दोन दिवस धण्याचे पाणी घेतले, सब्जा खाल्ला आणि लघवी खरोखरच साफ झाली. विषय मिटला.

मृगाच्या पेरणीत पुन्हा लाल झाली. तालुक्याच्या एका डॉक्टरने मुतखड्याच्या गोळ्या दिल्या. रक्त पुन्हा थांबले. "पेरणी आटोपू दे, डवरणी होऊ दे, मंग पाहू," असे करता करता पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या आणि लघवीच तुंबली. तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, गाठ होती. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. तपासणीचा अहवाल आला. कॅन्सर.

अहवाल माझ्या हातात पडला, कारण घरात शिकलेला मीच. तो मी मोटरसायकलच्या डिकीत ठेवला आणि संध्याकाळी छपरीत बैठक बसली. दोन्ही मुले, जवाई, शेजारचे एक भाऊ आणि मी. मोठे बाबा आत खाटेवर. एकमताने ठरले की त्यांना काहीच सांगायचे नाही, खडाच आहे म्हणायचे. मग मतांची गर्दी झाली. मोठा मुलगा म्हणाला, नागपूरला नेऊ. धाकटा म्हणाला, बासष्ट वर्षांच्या माणसाला काहून फाडता? जवायांच्या ओळखीचा एक वैदू होता, त्याच्या काढ्याने म्हणे गाठी विरघळतात. ज्याच्या पोटात रोग होता तो सोडून सगळे बोलले.

चार दिवसांनी आम्ही त्यांना "खड्याच्या तपासणीला" म्हणून दवाखान्यात नेले. ज्या खोलीपुढे बसवले, तिच्यावर मोठ्या अक्षरात पाटी होती, कर्करोग विभाग. मोठे बाबा चौथी शिकलेले. त्यांना पाटी वाचता येते हे आम्ही विसरून गेलो होतो.

ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला जवळ बोलावले. म्हणाले, "बापू, तू माह्या वावरात येतं. कपाशीचे तीन वाण दाखवतं. कोणतं हलक्या जमिनीत येते, कोणत्याले पाणी किती, सारं सांगतं. अन् शेवटी म्हणतं, मोठे बाबा, वावर तुमचं हाय, तुम्ही ठरवा. मंग माह्या पोटातल्या पिशवीचं तुम्ही सारे मिळून ठरवून रायले अन् मलेच पत्ता नाई?"

मी मान खाली घातली. डिकीतला अहवाल आणून त्यांच्या हातात दिला.

लघवीतले रक्त म्हणजे उन्हाळी नव्हे

आमचे सात महिने उन्हाळीत आणि खड्यात गेले. म्हणून पहिली गोष्ट आधी सांगतो. न दुखता लघवीतून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत ठळक लक्षण आहे. हे रक्त एकदा येते आणि आपोआप थांबते. रक्त थांबले म्हणजे रोग गेला असे नाही. प्रत्येक वेळी कर्करोगच निघतो असेही नाही. खडा, जंतुसंसर्ग किंवा प्रोस्टेटची वाढ हीही कारणे असतात. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, त्यातून बिडी ओढणाऱ्याला, एकदा जरी लाल लघवी झाली तरी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टर म्हणतील तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. बाईमाणसांनी हे पाळीचे रक्त समजून सोडून देऊ नये.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. बिडीतली विषारी द्रव्ये रक्तात जातात, मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन् तास मूत्राशयात मुरतात. रंग, रबर आणि चामड्याच्या कारखान्यांतील काही रसायने आणि पाण्यातले आर्सेनिक हीही सिद्ध झालेली कारणे आहेत. पुरुषांत हा रोग बायकांपेक्षा तीन ते चार पट जास्त दिसतो. मोठे बाबा विसाव्या वर्षापासून रोज एक कट्टा बिडी ओढत. बरेच जण मला विचारतात, "साहेब, फवारणीनं झाला असन काय?" फवारताना हातमोजे, तोंडाला फडके आणि अंगभर कपडे हवेतच, ते मी नेहमी सांगतो. पण फवारणीकडे बोट दाखवून बिडी चालू ठेवू नका. रोग झाल्यानंतरही बिडी सोडण्याचा फायदा आहे. उपचार चांगले सोसतात आणि गाठ पुन्हा येण्याचा धोका कमी होतो.

अहवालात दोन गोष्टी पाहा

पुढच्या भेटीला प्रश्न मोठ्या बाबांनीच विचारले. डॉक्टरही भले माणूस. त्यांनी कागदावर लघवीच्या पिशवीचे चित्र काढले आणि समजावून सांगितले. ते मला समजले तसे इथे देतो.

पिशवीच्या भिंतीला थर असतात. आतले पातळ अस्तर, त्याखाली एक पोकळ थर आणि त्याच्याही बाहेर जाड स्नायू. कर्करोग अस्तरात सुरू होतो. सारा निर्णय एका प्रश्नावर फिरतो, तो म्हणजे रोग स्नायूत शिरला आहे की नाही. अहवालात 'टीए' किंवा 'टी-१' लिहिले असेल तर तो स्नायूपर्यंत गेलेला नाही. 'टी-२' किंवा पुढचा आकडा असेल तर गेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रोगाची जात. 'लो ग्रेड' म्हणजे संथ, 'हाय ग्रेड' म्हणजे आक्रमक. वरवरच असतो पण आक्रमक असतो असा एक चपटा प्रकारही आहे, त्याला 'सीआयएस' म्हणतात.

आपण शेतात तण पाहतो. काही तण वरच्या वर खुरपले की निघते. कुंद्याची मुळी मात्र खोल जाते, तिथे खुरपे पुरत नाही. दोन्हीला तणच म्हणतात, पण उपाय एक नसतो. म्हणून "अमक्या गावच्या अमक्याले बी हाच कॅन्सर होता, त्यानं असं केलं" हे ऐकून आपला निर्णय करू नये. आधी आपला अहवाल पाहावा. खरवडून काढलेल्या तुकड्यात स्नायूचा भाग आला होता काय, हेही जरूर विचारावे. तो आलाच नसेल तर मुळी किती खोल आहे हे कळत नाही. मग दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने पुन्हा खरवडून पाहावे लागते. हे दुसरे ऑपरेशन म्हणजे डॉक्टरची चूक किंवा पैसे काढण्याचा धंदा असे समजू नका. 'टी-१' रोगात ते बहुतेकांना सुचवले जाते.

रोग वरवरचा असेल तर

जगभरचा अनुभव असा की, रोग सापडतो तेव्हा साधारण चारपैकी तिघांत तो स्नायूपर्यंत गेलेला नसतो. अशांची पिशवी बहुधा वाचते. संथ जातीत दुर्बिणीने गाठ काढणे, पिशवीत औषधाचा एखादा डोस सोडणे आणि ठरावीक काळाने तपासणी यावर भागते.

आक्रमक जातीत मात्र पिशवीत बीसीजी सोडतात. लेकरांना जन्मल्यावर दंडावर टोचतात तीच ही क्षयाची लस. कॅनडातले डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली या उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले आणि आजही तो वापरात आहे. बारीक नळीने औषध पिशवीत सोडतात आणि ते सुमारे दोन तास धरून ठेवायचे असते. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. पुढे ठरावीक महिन्यांनी तीन-तीन डोस, एक ते तीन वर्षांपर्यंत. एक-दोन दिवस आग होते, वारंवार लघवी लागते, कणकण येते. ताप जास्त चढला किंवा उतरलाच नाही तर घरी थांबू नये. डोस घेतल्यावर सहा तास पुरुषांनीही बसून लघवी करावी आणि संडासात ब्लीचिंग टाकावे, कारण ते जिवंत जंतूंचे औषध आहे.

या गटाची मोठी चूक एकच, ती म्हणजे बरे वाटले की तपासणी सोडणे. हा रोग पुन्हा पुन्हा उगवणारा आहे. पहिली दुर्बीण तपासणी तीन महिन्यांनी असते. तेव्हा वेचणी असो की लग्नसराई, गेलेच पाहिजे. ज्याची जात फारच आक्रमक आहे, त्याला पिशवी आधीच काढण्याचा सल्लाही मिळू शकतो. तेव्हा बीसीजी घेऊन वाट पाहायची की पिशवी काढून मोकळे व्हायचे, हा निर्णय रुग्णाने डॉक्टरशी बोलून करायचा असतो.

मुळी खोल गेली असेल तर

मोठ्या बाबांचा अहवाल 'टी-२, हाय ग्रेड' होता. स्कॅनमध्ये रोग बाहेर पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या.

पहिली वाट म्हणजे आधी काही महिने किमोथेरपी आणि मग पूर्ण पिशवी काढणे. पुरुषांत पिशवीबरोबर प्रोस्टेट जाते, बायकांत बहुधा गर्भाशयही. पिशवी गेल्यावर लघवीला रस्ता करावा लागतो. आतड्याचा छोटा तुकडा घेऊन पोटावर तोंड काढतात आणि त्यावर बाहेरून पिशवी चिकटवतात. किंवा आतड्यापासूनच आत नवीन पिशवी शिवतात. आतल्या पिशवीत बाहेरचे काही दिसत नाही, पण लघवी नव्याने शिकावी लागते. रात्री गजर लावून उठावे लागते, अंथरूण ओले होऊ शकते आणि काहींना स्वतःच नळी घालावी लागते. त्यासाठी मूत्रपिंडही चांगले लागते.

दुसरी वाट म्हणजे पिशवी ठेवायची. दुर्बिणीने गाठ जितकी निघेल तितकी काढायची आणि मग सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, रेडिएशन घ्यायचे, ज्याला गावात शेक देणे म्हणतात. त्यासोबत किमो. ही वाट सर्वांना चालत नाही. गाठ शक्यतो एकच असावी, मूत्रपिंडाला सूज नसावी, पिशवी चांगली काम करत असावी. नीट निवडलेल्या रुग्णांत आयुष्याच्या दृष्टीने ही वाट पहिलीच्या जवळपास उतरते. पण पिशवी जागेवर राहते म्हणून तिची राखणही जन्मभर करावी लागते. रोग परतला तर काहींना पुढे पिशवी काढावीच लागते.

मोठ्या बाबांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. ते डॉक्टरांना म्हणाले, "तुमचं काय म्हणणं हाय?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कसे राहता ते आधी सांगा."

हा प्रश्न आम्ही छपरीतल्या बैठकीत एकदाही विचारला नव्हता. मोठे बाबा अर्धा तास बोलले. सहा एकर वावर. मोठ्या आईचे गुडघे गेलेले. गाव वर्ध्यापासून लांब, एसटी दिवसातून दोनदा. सात आठवडे रोज येणे होत नाही आणि भाड्याने राहायला सोबत कोणी नाही. रात्री ओलिताला जावे लागते.

मग त्यांनी एक मागणी केली. "पोटावर पिशवी लावलेला माणूस मले पायचा हाय." डॉक्टरांनी पुढच्या भेटीला तसा एक शेतकरी बोलावून ठेवला. दोघे कडुलिंबाखाली बसले. मोठ्या बाबांनी विचारले: धोतर नेसता येते काय? वास येते काय? बैलाची लाथ लागली तर? रात्री फुटते काय? त्या माणसाने सदरा वर करून दाखवले. दर तीन-चार तासांनी पिशवी रिकामी करायची, चकती काही दिवसांनी बदलायची, कातडी कोरडी ठेवायची. निंदण-खुरपण, डवरणी सारे करतो म्हणाला. फक्त पोते उचलत नाही आणि पाठीवरचा पंप घेत नाही, कारण पोटाला जोर पडला तर हर्निया होतो.

एक प्रश्न मोठ्या बाबांनी आम्हाला बाहेर पाठवून डॉक्टरांना विचारला. तो नवरा-बायकोच्या संबंधांचा होता, असे नंतर कळले. या ऑपरेशनचा त्यावर परिणाम होतो. तो विचारण्यात लाज नाही, साठीतल्या माणसालाही नाही.

घरी येऊन त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या आईला सांगितले, पिशवी काढायची आणि बाहेरची लावायची. "ठेवलेल्या पिशवीची रोज धास्ती घेऊन मले झोप येनार नाई. अन् आतली नवी पिशवी शिकायले माहं वय नाई." घरात कोणी वाद घातला नाही. वैदूकडे जायचा विषयही जवायांनी पुन्हा काढला नाही.

किमोने केस गेले, तोंडाची चव गेली, वजन उतरले. ऑपरेशन मोठे होते. नंतर एकदा टाक्यात पू झाला, पंधरा दिवस जास्त राहावे लागले. पहिले दोन महिने ते कोणाच्या लग्नाला गेले नाहीत, पिशवी फुटेल म्हणून. आज तीन वर्षे झाली. तपासण्या चालू आहेत, आजवर साफ आल्या. बिडी सुटली. पंप मजूर घेतो. धुऱ्यावर बसून ते पिशवी रिकामी करतात आणि मला म्हणतात, "पाय, आता उन्हाळी लागत नाई."

गुरुजींनी वेगळे ठरवले

हे वाचून कोणी समजू नये की पिशवी काढणे हाच एक योग्य मार्ग. त्याच वर्षी हिंगणघाट तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींना जवळपास असाच रोग निघाला. त्यांची मुलगी नागपूरला, दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहते. पेन्शन आहे, शेती ठेक्याने. पोटावर पिशवी ही कल्पनाच त्यांना सोसवेना. त्यांनी रेडिएशनची वाट धरली आणि सात आठवडे मुलीकडे राहून पूर्ण केली. आता ठरल्या तारखेला दुर्बीण तपासणीला जातात, एकही चुकवत नाहीत. लघवी थोडी लवकर लागते, तेवढे चालते म्हणतात. अहवाल जवळपास सारखा असूनही दोघांचे निर्णय वेगळे झाले आणि दोन्ही बरोबर होते. कारण दोघांनी आपापला अहवाल समजून घेतला आणि आपले जगणे पाहून ठरवले.

शहरातल्या मोठ्या माणसांनाही हा रोग चुकत नाही. चित्रपट दिग्दर्शक महेश मांजरेकर यांना २०२१ साली मूत्राशयाचा कर्करोग निघाला आणि मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली. 'अंतिम' चित्रपटाचे शेवटचे काम किमो घेत असताना केले, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले. कामही सोडले नाही आणि रोगही लपवला नाही. आपल्याकडे रोग सांगितला तर मुलीचे लग्न अडेल, लोक पाणी पिणार नाहीत, अशी भीती असते. हा रोग संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवले तरी होत नाही.

उपचार नको म्हणण्याचा हक्क

निर्णय रुग्णाचा म्हटले की एक अवघड प्रश्न येतो. रुग्णच नाही म्हणाला तर?

आपल्या वर्धा जिल्ह्याला याची ओळख आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबाजींना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. दुसरीकडे गांधीजींचे पाहा. १९०९ च्या 'हिंद स्वराज' मध्ये त्यांनी डॉक्टरी धंद्यावर कडक टीका केली होती. पण येरवड्याच्या तुरुंगात असताना आंत्रपुच्छाचे दुखणे उठले, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली. आधी संमतीच्या कागदावर स्वतः सही केली. एकाने उपचार नाकारला, एकाने आपल्या मताला मुरड घालून घेतला. दोघांनीही जाणून-उमजून ठरवले.

म्हणून ऐंशी-पंच्याऐंशीच्या, हृदय-मूत्रपिंड थकलेल्या माणसाने "मोठे ऑपरेशन नको, दुखणे कमी करा, रक्त थांबवा आणि घरी राहू द्या" म्हटले, तर तो निर्णय मानावा. त्यासाठीही डॉक्टरी मदत असते. रक्त थांबवायला थोडे रेडिएशन देतात, वेदनेला औषध देतात. पण पंचावन्न-साठीचा, बरा होऊ शकणारा माणूस नुसत्या भीतीने, खर्चाच्या धास्तीने किंवा काढ्याच्या भरवशावर नाही म्हणत असेल, तर आपण त्याला पुरी माहिती दिली काय, हे घरच्यांनी स्वतःला विचारावे.

विचारालाही मुदत आहे. स्नायूत शिरलेल्या रोगात निदानानंतर सुमारे तीन महिन्यांच्या आत मुख्य उपचाराला हात लागला पाहिजे. उशिराने आयुष्य घटते. दोन आठवडे विचार करा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. दोन हंगाम थांबू नका.

पैसा, प्रवास आणि कागद

आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था हे सारे आपल्या टप्प्यात आहे. दुसऱ्या मतासाठी मुंबईचे टाटा रुग्णालय आहे, ते १९४१ पासून या रोगावर काम करते. तिथे जाताना नुसता अहवाल नव्हे, तर तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही पहिल्या दवाखान्यातून मागून न्यावेत. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो.

सेवाग्रामच्या आसपासच्या गावांनी एके काळी हंगामाला ज्वारी देऊन आरोग्य विमा चालवला, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१३ पासून ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने राज्यभर आली, २०१७ मध्ये नाव बदलले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले गेले, त्यात वर्धा होता. २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याच्या आधीच शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला भेटावे. पोटावरच्या पिशव्यांचा खर्च कायमचा असतो. तो कोण देणार, हेही आधीच विचारून ठेवावे. आम्ही विचारले नव्हते, पहिल्या महिन्यात तूर विकावी लागली.

डॉक्टरला विचारायचे प्रश्न

वहीच्या पानावर लिहून न्या. रुग्णाने स्वतः विचारावेत, सोबतच्याने उत्तरे लिहावीत.

१) रोग स्नायूत शिरला आहे काय? तुकड्यात स्नायू आला होता काय?
२) जात संथ की आक्रमक?
३) रोग पिशवीबाहेर गेला आहे काय? मूत्रपिंडे कशी आहेत?
४) माझ्यासाठी वाटा किती? पिशवी ठेवता येते काय, नसेल तर का?
५) प्रत्येक वाटेत किती दिवस, किती फेऱ्या, किती खर्च? योजनेत काय बसते?
६) नंतर लघवी कशी होईल? शेतीकाम, वजन उचलणे, नवरा-बायकोचे संबंध यांचे काय?
७) काहीच केले नाही तर काय होईल?
८) ठरवायला मला किती दिवस आहेत?
९) हाच उपचार घेतलेल्या माणसाला भेटता येईल काय?

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना हात जोडून सांगणे आहे. गावात कोणी लाल लघवीची तक्रार केली तर "उन्हाळी असन" म्हणून परत पाठवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी घेऊन पुढे पाठवा. रोग निघालेल्या घरी सांत्वनाला गेलात तर शिधापत्रिका, आधार आणि नावातले फरक तपासून द्या; एका अक्षराच्या चुकीने आठवडे जातात. आणि ओसरीवर बैठक बसलेली दिसली, तर एवढेच विचारा की रुग्णाला आत का ठेवले आहे.

माझ्यापुरते सांगतो. मी आजही बांधावर जाऊन वाण सांगतो, खत सांगतो आणि शेवटी "तुम्ही ठरवा" म्हणतो. तो अहवाल मी चार दिवस डिकीत घेऊन फिरलो. मोठ्या बाबांनी त्याबद्दल पुन्हा कधी बोलून दाखवले नाही. पण मागच्या खरिपात वाण निवडताना मी दोन नावे सांगितली, तर ते हसून म्हणाले, "तिसरं बी सांग बापू. लपवू नको."